बुधवारी कमी होणारे डास

१९९६ च्या जूनमध्ये सुरतेतल्या आमच्या गणित विभागाला एक संशोधनवृत्ती मंजूर झाली. मुदत तीन वर्षे, एका विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन, शेवटी पीएच.डी. विषय : गणितीय जीवशास्त्र. विभागात तेव्हा सहा प्राध्यापक होते. त्यांतल्या एकानेही शाळा सोडल्यानंतर जीवशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते. त्या सहांत विभागप्रमुख म्हणून मीही होतो.

अर्ज करण्यामागचे कारण साधे होते. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत आणि रोगराई हे दोन शब्द एकत्र असलेला कागद दिल्लीत फार दिवस पडून राहत नसे. रोग ठरवायचे काम प्राणिशास्त्राच्या डॉ. मीनाक्षी देसाई यांनी केले. सगळे त्यांना मीनाक्षीबेन म्हणत. मी उंदरांची कल्पना घेऊन गेलो, तर त्या म्हणाल्या, "उंदर बहु थई गया, साहेब. हवे मच्छर लो." उंदीर पुष्कळ झाले, आता डास घ्या. आम्ही डास घेतले.

गणितीय जीवशास्त्र म्हणजे काय, हे त्या वर्षी मला अनेकांना सांगावे लागले. एसटीचा कंडक्टर प्रत्येक थांब्यानंतर मनात एक आकडा धरतो : आधी किती होते, किती चढले, किती उतरले, आता किती आहेत. डासांचेही तेच. काल किती होते, किती जन्मले, किती मेले, आज किती असतील. हे समीकरणात लिहिता आले की उद्याचा आकडा आधीच काढता येतो, आणि फवारणी कधी करावी हे सांगता येते. फरक इतकाच की डास घंटी वाजवून उतरत नाहीत. जन्मलेले आणि मेलेले कोणी मोजू शकत नाही, फक्त असलेले मोजता येतात. उरलेले गणिताने शोधायचे.

जुलैत मुलाखती झाल्या. तीन उमेदवार आले. पहिल्याने खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारले की बेडूक कापावे लागतील का. घरी चालणार नाही, असे आईने सांगितले होते. बेडूक नाहीत, डास आहेत, असे सांगितल्यावर त्याने डास मारावे लागतील का, हे विचारले. मीनाक्षीबेननी हो म्हटले. त्याने नम्रपणे नमस्कार केला आणि तो गेला. दुसरा वराछा भागात हिऱ्यांची प्रतवारी करत असे. गणित चांगले होते. दुपारचे काम सोडता येणार नाही, डास सकाळी बघतो, असे त्याने सांगितले. वृत्तीच्या नियमात दुसरे काम बसत नव्हते. तो गेला याचे मला आजही थोडे वाईट वाटते. इतक्या बारीक वस्तू न कंटाळता मोजणारा माणूस पुन्हा भेटला नाही.

तिसरी हेमलता सोनवणे. एम.एस्सी., प्रथम वर्ग. वडील भिका सोनवणे धुळे जिल्ह्यातून आलेले, सुरतेच्या पांडेसरा या गिरण्यांच्या भागातल्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवण्याच्या यंत्रावर कामाला. घर पांडेसऱ्यातच, एका गल्लीत, जिथे मराठी सोडून दुसरी भाषा फक्त भाजीवाला बोलत असे.

"डास पकडावे लागतील," मी म्हणालो.

"पकडायचे कशाला, सर? आमच्या गल्लीत ते स्वतःच येतात."

निवड झाली. त्याच आठवड्यात तिच्या हातात दुसरी एक गोष्ट होती, हे आम्हाला नंतर कळले. सुरतेतल्या एका मराठी शाळेने तिला गणिताची शिक्षिका म्हणून निवडले होते. जागा कायम होती. मुख्याध्यापकांना तिने वर्गात घेतलेला नमुना पाठ फार आवडला होता. येत्या एप्रिलच्या मध्यापर्यंत जागा हंगामी माणसावर चालवतो, तोवर काय ते ठरव, असे त्यांनी सांगितले.

भिका सोनवणे एकदा मला भेटायला विभागात आले. हातांवर कोपरापर्यंत निळा रंग होता. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"पक्की नोकरी सोडीसन डास धरस ही पोर," ते अहिराणीत म्हणाले. मग माझ्यासाठी शहरी मराठीत बोलले, "साहेब, तीन वर्षं पैसे मिळतील. बरं. पण दरवर्षी वरून मंजुरी लागते म्हणे. पहिल्याच वर्षी नाही म्हणाले तर?"

"तर वृत्ती बंद होईल."

"आणि शाळा?"

"शाळेची जागा तोवर गेलेली असेल."

त्यांनी मान हलवली. खरे सांगितल्याबद्दल आभार मानले, आणि पाळी गाठायची म्हणून निघाले.

दिवाळीनंतर मोजणी सुरू झाली. डास संध्याकाळी घरात शिरतात, रात्री चावतात आणि पोट भरल्यावर भिंतीवर, दोरीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली बसून राहतात. सकाळी लवकर गेले की सापडतात. साधन असे : काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी, मध्ये जाळीचा तुकडा. काचेचे टोक डासावर धरायचे आणि दुसरे टोक तोंडाने ओढायचे. डास नळीत येतो. जाळी फाटलेली असेल तर तोंडात येतो. प्राणिशास्त्र विभागाचे मदतनीस ठाकोरभाई या कामात तरबेज होते. जाळीचे महत्त्व ते नव्या माणसाला आधी सांगत नसत.

हेमलताने मोजणीसाठी स्वतःचीच गल्ली निवडली. कारण व्यवहारी होते. सकाळी सहा वाजता परक्या माणसाला खाटेखाली विजेरी मारू देणारी दुसरी गल्ली नव्हती. तरी बोलणी खावी लागलीच. गल्लीत वत्सलाजिजी नावाच्या एक ज्येष्ठ बाई होत्या. गल्लीतले नळाचे भांडण त्या सोडवीत आणि लग्नाच्या तारखा त्याच ठरवीत. पहिल्याच सकाळी त्यांनी दारात हेमलताला अडवले.

"डास मोजाले सरकार पैसा देस?"

"हो जिजी."

"आनि माराले?"

"मारायला वेगळं खातं आहे."

"मंग त्या खाताले सांग, पोरी. मोजेल डास बी चावतस."

आकडे रोज विभागात येत. आमच्याकडे एक संगणक होता. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली होती, आणि त्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आवारात इतका मान फक्त त्याला आणि गणपतीला होता. जानेवारीच्या मध्यावर हेमलताने सगळे आकडे आलेखात मांडले आणि प्रिंटरचा लांबच लांब कागद माझ्या टेबलावर पसरला.

रेषा लाटेसारखी होती. डास वाढत, आणि आठवड्यातून एकदा, बुधवारी सकाळी, निम्म्याच्या आसपास येत. पुन्हा वाढत. पुढच्या बुधवारी पुन्हा खाली. एकही आठवडा चुकला नव्हता.

गणिताच्या माणसाला अशी लाट दिसली की त्याला जेवण सुचत नाही. भक्ष्य आणि भक्षक यांच्या समीकरणांतून अशाच लाटा निघतात. शिवाय जीवशास्त्रही जुळत होते. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे ही पिढ्यांची लाट. एक पिढी संपते, दुसरी येते. हेमलताने समीकरण लिहिले, आणि संगणकाने हुबेहूब तीच लाट काढून दिली. पहिल्या वर्षाच्या अहवालात तो आलेख गेला. जानेवारीअखेर अहवाल दिल्लीला रवाना झाला. त्यावर हेमलता, मीनाक्षीबेन आणि मी अशा तिघांच्या सह्या होत्या. ठाकोरभाईंनी पेढे आणले.

मीनाक्षीबेननी सही केली होती, पण एक अट घातली होती. एवढ्या सुंदर रेषेला एक गल्ली पुरत नाही, आणखी एक घ्या. फेब्रुवारीत मोजणी शेजारच्या, तशाच खानदेशी वस्तीच्या, गल्लीतही सुरू झाली. दोन गल्ल्यांच्या मध्ये एकच उघडे गटार होते. डास त्याच गटारातले.

महिनाअखेर दुसरा आलेख आला. त्यातही लाट होती, तशीच नेमाने येणारी. फक्त ती बुधवारी खाली जात नव्हती, शनिवारी जात होती.

आम्ही तिघे तो कागद बघत होतो. मग मीनाक्षीबेन म्हणाल्या, "प्रोफेसरसाहेब, मच्छर वार जोईने नथी मरतो." डास वार बघून मरत नाही.

एकाच गटारातल्या डासांच्या पिढ्या दोन वेगळ्या वारी संपू शकत नाहीत. लाट डासांची नव्हती. मग ती कोणाची, हा प्रश्न उरला. मी हेमलताला विचारले की दोन गल्ल्यांत फरक काय.

"काही नाही, सर. आमची माणसं डाइंगला, त्यांची पॉवरलूमवर. आम्हाला सुट्टी मंगळवारी, त्यांना शुक्रवारी."

सुरतेबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवे. विजेचा भार वाटून घेण्यासाठी इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी भागागणिक आणि धंद्यागणिक वेगळ्या वारी असे. रविवारी सगळी सुरत बंद, असे नव्हते.

"सुट्टीच्या दिवशी काय करता?" मी विचारले.

"काही नाही. माणसं झोपतात. कपडे धुतात. संध्याकाळी भरीत..." एवढे बोलून ती थांबली. मग खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. ती रडते आहे असे मला वाटले. ती हसत होती.

खानदेशी माणसाचे भरीत घरातल्या शेगडीवर होत नाही. त्याला कपाशीच्या वाळक्या काड्या लागतात. त्यांना पऱ्हाट्या म्हणतात. गावाहून येणारा प्रत्येक पाहुणा ताप्ती लाइनच्या, म्हणजे भुसावळ-सुरत मार्गाच्या, पॅसेंजरने हिरवी लांब वांगी आणि पऱ्हाट्यांची मोळी घेऊन येई. सुट्टीच्या दिवशी दिवेलागणीला गल्लीच्या मध्ये जाळ होई, त्यात वांगी टाकली जात, आणि तासभर गल्लीत समोरचे दार दिसत नसे. नेमकी तीच वेळ डासांची घरात शिरण्याची. त्या संध्याकाळी ते शिरत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलता भिंती तपासत होती, आणि आदल्या रात्री ती त्याच जाळावरचे भरीत भाकरीबरोबर जेवलेली असे. लहानपणापासून दर मंगळवारी जेवलेली असल्याने ते तिच्या लेखी काही घडणे नव्हतेच.

अडचण अशी की अहवाल गेला होता. समितीची भेट मार्चमध्ये ठरली होती, आणि वृत्ती चालू ठेवायची की नाही हे ती समिती ठरवणार होती. पिढ्यांची लाट हाच अहवालातला एकमेव निष्कर्ष होता. दुसऱ्या गल्लीबद्दल समितीला काही माहीत नव्हते. आम्ही कोणीही ते बोलून दाखवले नाही. हेमलतानेच विषय काढला, आणि तोही प्रश्न म्हणून नव्हे.

"सर, मी उभी राहिले की आधी चूक सांगणार. नंतर सांगितली तर ती त्यांना सापडल्यासारखी होईल."

समितीचे प्रमुख बंगळुरूहून आलेले एक वयस्क तज्ज्ञ होते. कमी बोलत. हेमलताने पहिल्याच वाक्यात सांगितले की अहवालातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे. मग दोन्ही आलेख दाखवले, आणि धूर समजावला. भरीत या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द तिने शोधला नव्हता. तज्ज्ञांनी तो वहीत देवनागरीत लिहून घेतला.

"अहवाल मागे घ्यायचा आहे की दुरुस्त करायचा?" त्यांनी विचारले.

"दुरुस्त करायचा, सर. आकडे खरे आहेत. कारण बदललं आहे."

"कारण धूर आहे हे कशावरून? सुट्टीच्या दिवशी सगळे पुरुष घरी असतात. दारं उघडी राहतात, खाटा बाहेर येतात. डास माणसांमागे बाहेर गेले असतील. एकदा एक सोपं कारण मिळालं आणि तुम्ही फसलात. आता दुसरं सोपं कारण मिळालं आहे."

हेमलताने तो आक्षेप वहीत लिहून घेतला. समितीने निर्णय राखून ठेवला. धूर आणि सुट्टी यांपैकी कारण कोणते, याचा पुरावा एप्रिलमध्ये पाठवावा, मग विचार होईल. शाळेची मुदतही एप्रिलच्या मध्याचीच होती.

पुरावा कसा काढायचा, हे प्रयोगाच्या दृष्टीने सोपे होते. सुट्टी मंगळवारीच राहू द्यायची, धूर दुसऱ्या वारी हलवायचा. बुधवारची घट धुराबरोबर हलली तर कारण धूर. नाही हलली तर सुट्टी. अवघड भाग वत्सलाजिजी हा होता.

हेमलताने मला आणि मीनाक्षीबेनना बोलणीसाठी नेले. गल्लीतले दहाबारा लोक ओट्यावर जमले. हेमलताने विनंती सांगितली. महिनाभर मंगळवारी भरीत नको, दुसऱ्या वारी करा.

"आम्हना भरीतनी तुन्हा डासस्नं काय बिघाडं?" जिजींनी विचारले.

"काही नाही जिजी. तेच सिद्ध करायचं आहे. म्हणजे, बिघडवलं आहे हे."

"सोमवारी करू," कोणीतरी म्हणाले. सोमवारी महादेवाचा उपास. गुरुवारी दत्ताचा. शुक्रवारी संतोषीमातेचा, आणि त्या दिवशी शेजारच्या गल्लीचा धूर. शनिवारी मारुतीचा. बुधवार मंगळवारला लागून, म्हणून हेमलतानेच नाकारला. अटी एकेक करून घालत गेले की शेवटी उत्तर एकच निघते, हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते. इतक्या लवकर निघालेले प्रथमच पाहिले. रविवार.

"रविवारी माणसं मिलमधे रातना आठ लगून. भरीत थंड खावानं का?" जिजी म्हणाल्या.

यावर भिका सोनवणे बोलले. तोपर्यंत ते भिंतीला टेकून उभे होते. "जिजी, महिनाभर थंड खाऊ. पोरनी नोकरी शे."

त्यांनी नोकरी हा शब्द वापरला, हे हेमलताच्या लक्षात आले. तिने नंतर मला सांगितले.

जिजींनी होकार दिला, पण एका अटीवर. ज्यांच्यामुळे भरीत थंड होणार, त्यांनीही येऊन ते थंडच खायचे. महिनाभर दर रविवारी मी आणि मीनाक्षीबेन पांडेसऱ्याला गेलो. मीनाक्षीबेन जैन होत्या, वांगे खात नसत. त्यांना वेगळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळे. धूर मात्र सर्वांना सारखाच मिळाला.

पहिल्या रविवारनंतर सोमवारी सकाळी आकडा खाली आला. बुधवारी आला नाही. दुसऱ्या आठवड्यात तसेच. तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. बुधवारी सकाळी पूर्ण गल्लीचा आकडा नेहमीचा, पण टोकाच्या तीन खोल्यांचा एकदम कमी. हेमलताने वही मिटली आणि त्या तीनपैकी मधल्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे लूमच्या सुट्या भागांचे दुकान असलेले एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना तात्या म्हणत.

"तात्या, काल तुमच्याकडे भरीत झालं."

"कोन सांगे?"

"डासांनी."

तात्यांनी थोडा वेळ नाकारले. मग सांगितले की जळगावहून मेहुणा आला होता, त्याला काय वरणभात वाढायचा? मागच्या दारी, अगदी छोटा जाळ केला होता. जिजींनी त्यांना दिवसभर ऐकवले. हेमलता मात्र खूश होती. सुट्टी सगळ्या गल्लीला होती, धूर फक्त तात्यांकडे, आणि घट फक्त तात्यांच्या आसपास. आम्ही आखलेल्या प्रयोगापेक्षा न आखलेला जास्त स्वच्छ निघाला. तो तिने पुराव्यात वेगळा जोडला. तात्यांचे नाव घातले नाही, 'खोली क्रमांक' लिहिला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुरावा दिल्लीला गेला. तज्ज्ञांकडून काही कळले नाही. शाळेची मुदत तीन दिवसांवर आली. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला की आता थांबता येणार नाही.

शेवटच्या रविवारी भिका सोनवणे पाळीवरून आले, हात धुऊन माझ्या शेजारी बसले.

"मंजुरी येईल ना, साहेब?"

"सांगता येत नाही."

"तुमचं मत?"

"पुरावा चांगला आहे. समिती काय करेल ते माहीत नाही."

ते थोडा वेळ जेवत राहिले. मग समोर बसलेल्या मुलीला म्हणाले, "शाळाले काय सांगशी?"

"नाही सांगणार आहे, अण्णा."

"मंजुरी नही उनी तर?"

"तर दुसरी शाळा बघेन. डासांचं अर्धं राहिलंय."

भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तिच्या ताटात आणखी भरीत वाढले.

दुसऱ्या दिवशी हेमलताने शाळेत जाऊन नकार कळवला. गल्लीत मंगळवारी पुन्हा जाळ झाला. त्या दिवशीचे भरीत गरम होते, असे ठाकोरभाईंनी सांगितले. आम्हाला बोलावणे नव्हते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात समितीचे पत्र आले. वृत्ती उरलेल्या दोन वर्षांसाठी चालू ठेवली होती. समीकरणात धुराचे पद घालावे, आणि शेजारच्या गल्लीतही हाच प्रयोग करावा, एवढ्या दोन सूचना होत्या. शेजारच्या गल्लीतली बोलणी अधिक लांबली, कारण तिथे दोन जिजी होत्या.

त्यानंतर विभागाला या विषयाची दुसरी वृत्ती मिळाली नाही. आम्ही दोनदा अर्ज केले.

हेमलता सोनवणे यांची तोंडी परीक्षा १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. बाहेरचे परीक्षक म्हणून बंगळुरूचे तेच तज्ज्ञ आले होते. भिका सोनवणे पाळी बदलून घेऊन शेवटच्या बाकावर बसले होते. परीक्षा दुपारी एकपर्यंत चालली. पदवी देण्याची शिफारस एकमताने झाली.